सतरा ओळी

कुल्डीगा, डिसेंबर. दुपारी साडेतीनलाच अंधार.
संगीतशाळेच्या तळघरात जुना संगणक धापा टाकतो
आणि पडद्यावर हिशेब मांडतो:
दोन हजार तीनशे सोळा ओळींपैकी
दोन हजार दोनशे नव्याण्णव आत घेतल्या.
सतरा नाकारल्या.

"सतराच ना?" विझ्मा म्हणाली, "सोडून दे."

वही तिच्या वडिलांची.
तालिवाल्डिस, पियानो सुरात लावणारे,
सदतीस वर्षं सायकलवर, मागे हत्यारांची पेटी.
उन्हाळाभर तिनं ती तक्त्यात उतरवली,
दोन बोटांनी, चष्मा कपाळावर.
मी म्हणालो, सोडून कशा देऊ?
दारात उभ्या आहेत. का अडवलं ते तरी विचारू.

नऊ जणींचं कारण एकच, स्वल्पविराम.
आमच्याकडे दशांशाला तोच वापरतात.
वडिलांनी लिहिलं ४३८,५
आणि यंत्रानं त्याचे दोन रकाने केले.
तो अर्धा सूर शेजारी सरकला, रुबलांच्या जागेवर बसला,
रुबल पत्त्यात गेले, पत्ता शेऱ्यात,
आणि शेरा बिचारा तक्त्याच्या कडेवरून खाली.

सात जणींवर आरोप: ही किल्ली आधीच वापरली आहे.
किल्ली म्हणजे पियानोच्या पोटातला कारखान्याचा नंबर.
एकच नंबर, दोन घरं.
विझ्मा हसली. "चूक कसली? घटस्फोट.
इल्गोनिसनं घर ठेवलं, बायकोनं पियानो नेला,
घसरगाडीवरून, मार्चमध्ये, सगळं गाव बघत होतं."
मी किल्ली बदलली: नंबर आणि घर, दोन्ही मिळून.

सतरावी फारच लांब होती. बाजूला ठेवली.

कॉफी पिता पिता विझ्मा
आत गेलेल्या ओळी वाचत होती,
उगाच, वडिलांचा आवाज ऐकावा तशी.
मध्येच थांबली.
"सात जानेवारी. खिडक्या उघड्या,
बाईंनी अंगणातल्या स्ट्रॉबेरी दिल्या."
जानेवारीत?
तो पहिला जुलै होता.
यंत्रानं दिवसाचा महिना केला, महिन्याचा दिवस,
आणि चेहऱ्यावर रेघ उमटू दिली नाही.
बारापर्यंतच्या सगळ्या तारखा अशाच, उलट्या, शहाण्यासारख्या बसलेल्या.

पुढं आणखी एक:
"सेर्मुलिसांकडे, शेळ्यांसाठी, तातडीनं."
काझास म्हणजे लग्न, कझास म्हणजे शेळ्या.
कुणी 'ध'चा 'मा' केला नव्हता,
अक्षरावरची आडवी रेघ वाटेत गळून पडली होती.
एवढ्यानं एका नवरीसमोर
शेळ्या पियानो ऐकत उभ्या राहिल्या.

तेव्हा कळलं मला, या धंद्यात अठरा वर्षं घालवून,
की नाकारलेल्या सतरा प्रामाणिक होत्या.
तक्रार करत होत्या, नंबर सांगत होत्या.
भीती त्यांची, ज्या मुकाट्यानं आत आल्या.

सगळं पुसलं.
अक्षरांचा संच बदलला, तारखेचा क्रम सांगितला,
स्वल्पविराम अवतरणात बांधले.
रात्री आठला पुन्हा कळ दाबली.
एक ओळ अडली. तीच, सतरावी.
दोनशे पंचावन्न अक्षरांच्या रकान्यात मावत नव्हती,
पडदा तिला इथवरच दाखवत होता:
"...मधली पट्टी अडकते. मागची फळी काढली. आत सापडलं"

विझ्मानं वही उघडली, बोट ठेवलं.
आत सापडलं पत्र, बंद.
कुणाचं ते पाहिलं नाही. होतं तिथंच ठेवलं.
सूर किंचित दबतो. दबू दे.
पैसे घेतले नाहीत.

बराच वेळ पंख्याचाच आवाज.
"रकाना मोठा कर," ती म्हणाली.
किती?
"ते बोललेत तेवढा."

मी केला. ओळ आत गेली, यंत्र काही बोललं नाही,
म्हणून उघडून पाहिली, शेवटच्या टिंबापर्यंत.
विझ्मा कोट चढवत होती,
एक बाही रिकामीच लोंबत.
"ते घर आहे अजून," ती म्हणाली, "पुलापलीकडे.
पियानोचं माहीत नाही."