उद्याचा वारा, मोहबोडी

मोबाइलला विचारलं, जवळचा समुद्र कुठला?
तो म्हणाला, पूर्वेला, साडेपाचशे किलोमीटर.
तिथं उद्या लाटा दीड मीटर,
दोन लाटांमध्ये नऊ सेकंद,
वारा नैर्ऋत्येचा, दुपारनंतर चढता.
आपल्या गावावर बोट ठेवलं
की पडदा राखाडी होतो
आणि लिहून येतं : येथे किनारा नाही.

तरी रोज संध्याकाळी सातला
मच्छीमार संस्थेच्या टिनाच्या शेडमध्ये
मी तो लांबचा अंदाज वाचून दाखवतो.
इंदल मारबते गाठ दातात धरून ऐकतो.
चैतराम म्हणतो, नऊ सेकंदाचं का करू गा?
माझा डोंगा घड्याळ नाई घालत.

मग फुलवंतामावशी बोलते.
दिवसभर तिनं पाहिलेलं असतं
पाणकावळे कुणीकडं तोंड करून बसले,
बेशरमाच्या झुडपात फेस कुठवर चढला,
वाळत घातलेले झिंगे उडाले की नुसते सरकले.
तिच्या वाऱ्यांना दिशा नाहीत, स्वभाव आहेत.

'पहाटे मुका राहीन. तवाच जाळे काढजा.
नवाच्या मागं पाहुना येईन, उमरेडकडून,
बसन, बोलन, जाईन.
दुपारी आंधळा.
त्याच्या आडवं कोनी जाऊ नोका.'

आणि लाट?
'शाळेवर फुटन. मारुतीच्या पारावर फुटन.
दुलीचंदचा गोठा खोल हाय,
थ्यो अजून पंधरा दिवस नाई फुटत.'

धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी कडेवर होतो.
गाव मला ठाऊक आहे ते एवढंच :
चैतात पाणी उतरू लागलं
की जिथं जिथं लाट पांढरी होते
तिथं खाली कुणाचं तरी काहीतरी आहे.
पश्चिमेच्या वाऱ्यात अख्खी गल्ली दिसते,
पांढरी, वाकडी, क्षणभर.
उत्तरेच्या वाऱ्यात नुसता पार.

मागल्या वैशाखात
मोबाइलवर वारा शून्य होता
आणि आंधळा आला.
इंदलनं हाताला लागलं त्याला दोर बांधला,
रात्रभर त्याच्यासोबत हलत राहिला.
उजाडल्यावर कळलं,
शाळेच्या झेंड्याचा खांब.
काठावर येऊन बिडी पेटवत म्हणाला,
'तेराचा पाढा नाई आला
तर गुरुजीनं याच खांबाजवळ
उनात उभं केलं होतं मले.
आजबी नाई येत.'
आम्ही हसलो. तो बराच उशिरा हसला.

त्या ॲपमध्ये एक बटण आहे : नवीन ठिकाण सुचवा.
काल शेवटी मी ते दाबलं.
नाव : मोहबोडी.
लाटेची उंची : गुडघाभर, कधी मांडीभर.
वारा : लिहिता येण्यासारखा नाही,
तरी पश्चिम लिहिलं.
मग प्रश्न आला, तळ कशाचा?
पर्याय तीन. वाळू. खडक. प्रवाळ.

मी थांबलो.
प्रवाळ म्हणजे काय, ते चैतरामनं विचारलं.
दगडासारखं असतं, म्हटलं, पण जिवंत.
'मंग थेच लिव ना,' तो म्हणाला.
मला धीर झाला नाही. मी खडक दाबलं.

मावशीनं माझ्या खांद्यावरून पाहिलं.
तिला वाचता येत नाही, म्हणून विचारलं.
सांगितलं.
'खडक कुठचा बापू?
पानी उंबऱ्याला लागलं त्या दिवशीबी
सारवून आली होती मी.'

पाठवलं ते तसंच गेलं.
उत्तर आलेलं नाही.

उद्या : पहाटे मुका.
पाणी आणखी चार बोटं खाली.
शाळेवर लाट, पारावर लाट,
आणि मावशी म्हणते, नीट ऐकलं तर
दुलीचंदच्या गोठ्यावरही
एखादी, बारकी.
इंदल, जाळं त्या बाजूला टाकू नको.