शेंडे

तीन दिवस झाले.
धरणाचं पाणी सरकलं तिथं आम्ही हरभरा टाकला,
त्याच्या खालच्या अंगाचे शेंडे
कुणीतरी खुडून नेतंय.
शेळीनं खाल्लं असतं तर बूडही ठेवलं नसतं.
हरणानं खाल्लं असतं तर खूर उठले असते.
हे काम सफाईचं.
वरचं कवळं तेवढंच घेतलेलं,
मी घेते तसं,
भाजीपुरतं.

मी मनातल्या मनात कौतिकाचं नाव घेतलं.
तिचं रान आमच्या धुऱ्याला लागून.
सुनेला दिवस गेलेले, आंबट लागत असंल तोंडाला.
मागितलं असतं तर ओटी भरून दिलं असतं की.
तव्हापासून धुऱ्यावरून जाताना
मी खाली बघून जायले.
तिनं दोनदा हाक मारली.
दोन्ही बार मी पदराची गाठ सोडत होते,
गाठीत काही नव्हतं.

काल रातची लाईट होती.
मालक दारं धरायला गेलेले,
मी उजाडता उजाडता डबा घेऊन.
शेवटच्या साऱ्यात पाणी मुरून
चिखलानं साय धरली होती
आणि सायीवर पावलं.
तीन बोटं, मधे कातडं ताणलेलं,
बाहुलीच्या सुपाएवढं एकेक.
आत वळलेली, सावकाश,
पोटुशी बाई चालती तशी.

मी डबा धुऱ्यावर ठेवला अन् उकिडवी बसले.
पुढं हिरव्या लेंड्या, कांडीकांडीच्या.
काडीनं फोडून बघितल्या,
आत माझाच हरभरा.
कुसळीत अडकलेलं एक पीस,
विटकरी, कडेला जरा उडालेला रंग,
दव त्याच्यावर ठरत नव्हतं.

भोयाचा मुरली जाळं खांद्यावर टाकून वर येत होता.
म्हणला, चकवा हाय काकू.
दिवसभर पाण्याकडंला बसून ऱ्हातेत,
रातच्याला जेवायला वर येतेत.

चकवा.
माझ्या सासरी चकवा म्हणतेत
रानात माणसाची वाट चुकवतो त्याला.
आपल्याच बांधाभोवती फिरवतो रातभर,
अन् माणसाला वाटतं, लई लांब आलो.

धुऱ्यापल्याड कौतिका गवत कापत होती.
पीस दाखवलं.
ती हसली नाही, विळाही थांबवला नाही.
म्हणली, तेच सांगाया तर हाका मारल्या दोनदा.
माझ्या गव्हातबी उतरतेत.
मग जरा येळानं मीच विचारलं,
सुनंला कितवा?
सातवा, म्हणली.

मालक डबा बडवायचा म्हणले, फटाके आणायचे म्हणले.
मी म्हणलं, शेंडा खुडला की फांद्या फुटतेत,
तुम्हीच सांगितलेलं.
ते काही बोलले नाहीत, भाकर मोडत ऱ्हायले.

ऊन वर यायच्या आत
मी भाजी खुडायला बसले.
आंबीनं बोटं चुरचुरत होती.
त्यांनी जिथं सोडलं होतं
तिथून पुढं धरलं.
आधी एक ओटी कौतिकाच्या सुनेची.