आठवडा तिसरा : आवाज

रविवारी रात्री दांडिया बाजारातल्या खोलीत
जुन्या कॅलेंडरची पाठ पसरते फरशीवर,
पट्टीनं रकाने आखते :
आठवडा, काम, कोण, साधन, गुण.
विषय मुलांनीच ठरवला, विश्वामित्रीतली मगर.
मी ‘आपले जलस्रोत’ सुचवून पाहिलं होतं.
खिडकीबाहेर बघत होते सगळे.

बेचाळीस मुलं. सात फोन, तेही घरच्यांचे,
त्यातला एक रात्री आठनंतरच मिळणार,
तस्नीमचे अब्बा रिक्षा चालवतात
आणि भाड्याचे पैसे त्याच फोनवर येतात.
शाळेचा कॅमेरा मोठ्या बाईंच्या कपाटात,
किल्ली सोमाभाईंकडे,
सोमाभाई भाचीच्या लग्नाला पादऱ्याला.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

पहिल्या आठवड्यात नुसते प्रश्न जमवले.
हेतवी : नक्राश्रू दोन गुणांना येतो,
पण मगर खरंच रडते का, बाई?
पलाश : पुरात ती आमच्या जिन्यापर्यंत आली होती,
जास्त कोण घाबरलं असेल?

दुसऱ्यात मुलाखती.
पुलाजवळ इस्त्री करणाऱ्या मंगुबेन
कोळसे फुंकत म्हणाल्या, नदी तिचीच,
आपण भाडेकरू.
प्रश्न मराठीत, उत्तर गुजरातीत,
खालची पट्टी हिंदीत लिहायची ठरली
आणि ‘भाडूत’वरून पूर्ण तास भांडण झालं.
मी इतिहासाचा धडा मिटून ठेवला.

तिसरा आठवडा : आवाज.
इथे मी लिहिलं होतं, पार्श्वसंगीत निवडणे.
पण दर्शील, जो हजेरीलासुद्धा फक्त हात वर करतो,
मामाचा फोन घेऊन कठड्याशी उभा राहिला
आणि अकरा मिनिटं आणून दिली :
स्कूटर, स्कूटर, कावळे,
लांब कुठेतरी रेल्वेची शिट्टी,
कुणीतरी पिशवी फेकल्याचा पाण्यात धप्प,
मग बराच वेळ काहीच नाही.
मी विचारलं, यात मगर कुठाय रे?
तो म्हणाला,
ती ऐकतेय.

वर्षभरातलं त्याचं पहिलं अख्खं वाक्य.

आता गुणांचा रकाना.
चित्र पाच, आवाज पाच, मांडणी पाच, गटकाम पाच.
खोडरबरानं कॅलेंडरचा कागद फाटतो,
पलीकडच्या बाजूची एकादशी दिसायला लागते.
राहू दे.

उद्यासाठी :
एक्स्टेन्शन बोर्ड घरून न्यायचा.
खिडक्यांना लावायला काळं कापड, चार मीटर.
पंखा बंद ठेवायचा, नाहीतर नदी ऐकू येणार नाही.
मामाचा फोन साडेपाचच्या आत परत.