तीनशे बारा नंबर

स्नेहनगरात, औषधांच्या दुकानाच्या वर, सतरा पायऱ्या.
मुलीनं पुण्याहून फोनवर नंबर लावून दिला,
म्हणाली, बाबा, तिथे फक्त बोलायचं असतं.
चौतीस वर्षं मी वीज मंडळात मीटर तपासले.
बोलायचं खातं हिच्याकडे होतं.

बाईंचं नाव शेफाली छाजेड. मुलीपेक्षाही लहान.
टेबलावर कागदी रुमालांचा डबा,
पहिला रुमाल आधीच अर्धा बाहेर.
ते मला आवडलं नाही.

त्या हिंदीतून विचारतात, मी हिंदीतून सांगतो.
इंदुरात जन्म गेला, हिंदीचं काय अडतंय?
दूधवाल्याशी, बँकेशी,
स्मशानात लाकडं मोजणाऱ्याशीसुद्धा हिंदीच बोललो.
पण ‘मन नहीं लगता’ म्हटलं
आणि वाटलं, दुसऱ्याच कुणाचा चष्मा घातलाय.
करमत नाही हो.
‘क्या?’
करमत नाही.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.
अक्षरं सगळी ओळखीची, शब्द परका.
बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या,
माझ्याकडे नाही.
बरं वाटलं.

चौथ्या गुरुवारी सांगितलं ते हे:
ओंकारेश्वरला अस्थी सोडून आलो त्या रात्री
कपाटातून शीळ ऐकू आली. बारीक.
उंदीर म्हणावा, तर उंदीर शीळ घालत नाही.
हिचं कानातलं मशीन, कुंकवाच्या डबीत.
कुणी ठेवलं कोण जाणे, बंद करायचं राहिलं होतं.
मूठ मिटली की वाजे, उघडली की गप्प.

पाच दिवसांनी तेही थांबलं.
मी स्कूटर काढली, जेल रोडला गेलो,
सहा सेलांचं पान आणलं, तीनशे बारा नंबर.
पाठीवरचा तपकिरी कागद सोलायचा, मिनिटभर थांबायचं,
हवा लागली की सेल जागा होतो.
मग वापरा, न वापरा, आठवडाभरात संपतो.
जूनपासून अकरा झाले.
दुकानदार विचारतो, आंटीजी कैसी हैं?
मी म्हणतो, वैसी ही हैं.

इथे मी थांबलो.
आता या म्हणणार, सोडा ते.
त्यांनी विचारलं,
‘सीटी बजती है, तब आप क्या करते हैं?’

हे कुणी विचारलंच नव्हतं.
ओरडतो, म्हटलं. सवयीनं.
अगं, नीट बसव ना कानात!
बेचाळीस वर्षांच्या संसारातली शेवटची सहा
मी ओरडूनच बोललो,
आमची भाजीची यादी गल्लीला पाठ होती.
आता हळू बोलतो सगळ्यांशी.
मुलगी म्हणते, बाबा, काही ऐकूच येत नाही.

हसू आलं. मग ते दुसरं.
अर्धा बाहेर असतो तो यासाठी,
चाचपत बसावं लागू नये.

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली.
ओला, सुका, प्लास्टिक, पुढचे खण मला अजून पाठ नाहीत.
मुठीत अकरा सेल, हिच्या मोठ्या टिकलीएवढे.
गाडीवरची रामकली म्हणाली,
‘बाबूजी, ये अलग. ये खतरे वाले में.’
टाकले. फारसा आवाज झाला नाही.
मशीन दिलं नाही.
तिनं मागितलंही नाही.

बारावा सेल पानातच आहे, कागदासकट.
सोलीनही कदाचित. दिवाळीला मुलगी येईल,
तिला वाजवून दाखवायचं मनात आहे.
घाबरेल की काय, माहीत नाही.

या गुरुवारी बाई दारातच उभ्या होत्या.
वहीत बघून, एकेक अक्षर उचलत म्हणाल्या,
‘आज… करमत?’
पुढचं त्यांना येत नव्हतं.
मला धाप लागली होती, सतरा पायऱ्या.
आधी पाणी द्या, म्हटलं,
मराठीत.
त्यांनी दिलं.