आवाज आढळला नाही

शेवंडीचा परवाना विकला त्याच आठवड्यात
ऑरेलने गाडी घेतली.
काळी, जर्मन. दार असं मिटायचं
की कुणी हळूच सांगावं, झोप आता.
मेटेगनच्या धक्क्यावर सगळे बघायला आले.
म्हाताऱ्या फर्दिनांने टोपी काढून टपावर हात ठेवला,
घोड्याच्या पाठीवर ठेवतात तसा,
आणि विचारलं, हिचं नाव काय?
नाव बोटीला असतं, ऑरेल म्हणाला.
मला वाटलं, इथेच काहीतरी चुकलं.

अकराव्या दिवशी आवाज.
मागून, डावीकडून, गारठ्यात, खडबडीत रस्त्यावर:
बशीत सुटा दात ठेवून बशी हलवावी तसा.

आता हा माणूस समजून घ्या.
चाळीस हिवाळे यानं डिझेल इंजिन
काळोखात, लाटेवर, नुसत्या कानानं दुरुस्त केलंय.
बोनेट उघडलं, तर आत काळं प्लास्टिकचं झाकण,
झाकणावर कंपनीचं चिन्ह.
पाना लावायला जागाच नाही.
त्यानं हात पुसले. हात स्वच्छच होते.

हॅलिफॅक्सला तीन तास.
शोरूममध्ये ऑर्किड, खरी; मी नख लावून पाहिलं.
कॉफीच्या यंत्राला सतरा बटणं.
पोकळ वासा म्हणतात तो आतून असा
चामड्यानं मढवलेला असतो, बसायला मऊ.
चार वाजता कागद मिळाला:
ग्राहकाची तक्रार, आवाज.
निष्कर्ष, आवाज आढळला नाही.

डिसेंबरात तेच.
जानेवारीत सॉफ्टवेअर बदललं;
आवाज राहिला, घड्याळ तेवढं तासभर पुढे गेलं.
फेब्रुवारीत गाडी सव्वीस दिवस तिथंच,
जर्मनीहून एक रबरी चकती यायची होती म्हणे.
बदली दिलेली बारकी पांढरी गाडी
किराणा, सरपण, माझी आई,
सगळं निमूट वाहायची.
आमची परत आली ती न्हाऊनमाखून,
सीटवर चॉकलेट, चॉकलेटखाली बिल:
वॉरंटीत न बसणारी तपासणी.
चॉकलेट मी खाल्लं. खोटं कशाला बोलू, चांगलं होतं.

रात्री विचारायचा, ओडिल, तुला येतो ना ऐकू?
हो म्हणायचे.
पण बायकोचं हो म्हणजे घरातलंच नाणं,
दुकानात चालत नाही.
मार्चात त्याच्या कोटाच्या खिशात
कानाच्या डॉक्टरचा तक्ता सापडला.
मी तो होता तसा परत ठेवला.

एप्रिलमध्ये काउंटरवर नवा पोरगा, कीगन,
दोन मापं मोठ्या कोटात.
चल, बस, ऑरेल म्हणाला,
आणि तो खरंच येऊन बसला,
मागे, गुडघे जुळवून,
दातांच्या डॉक्टरकडे बसावं तसा.
गोदीमागच्या फुटक्या रस्त्याला, दुसऱ्या वळणावर,
म्हणाला, हो.
काय हो?
येतोय. डावीकडून. बशीत काहीतरी हलल्यासारखा.

ऑरेलनं गाडी कडेला घेतली.
चारही दिवे उघडझाप करायला लागले
आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग, लिहिशील?
लिहीन, पोरगा म्हणाला,
पण वरचे खोडतात. त्या आवाजाला
आमच्याकडे रकानाच नाही.

चार वाजता कागद. छापलेलं तेच.
खाली कोपऱ्यात पेनानं, तिरकं:
मी ऐकला.
सही वाचता येत नव्हती.

परतताना मी चालवत होते.
डिग्बीच्या पुढे ऑरेल झोपला,
तोंड उघडं, एक हात दाराला,
बोटीवर झोपायचा तसा.
मागे दात बशीत फिरत होता.
मी रेडिओ लावला नाही.