उधार बंद

मशीनची मूठ फिरवली की शनिवार सरकू लागतात,
१८७१ चे, ७२ चे,
पांढऱ्यावर काळे, मध्येच काळ्यावर पांढरे,
आणि पोटात बोट लागल्यासारखं ढवळतं.
ग्रंथपाल डेल्फीन हॉकिंग म्हणते, हळू गं,
मेलेल्यांना कसली घाई?

मी शोधते आहे झिला पेनबर्थी,
माझी खापरपणजी.
कॉर्नवॉलहून आली, इथल्या तांब्याच्या खाणीवर,
आणि ७४ च्या उन्हाळ्यात तापानं गेली,
चार मुलं मागे ठेवून.
घरात एवढंच ठाऊक.
कबरीवर दगड का नाही, विचारलं
तर म्हणायचे, त्या साली दगड महाग होता.
सगळं गाव दगड फोडून पोट भरत होतं, त्या साली.

आधी भेटतो जोसाया, तिचा नवरा.
*हरवली आहे: करडी शेळी, डाव्या कानास खाच.
आणून देणाऱ्यास दोन शिलिंग.*
मग पाच महिन्यांनी:
*ता. १२ रोजी, जे. पेनबर्थी यांच्या पत्नीस, मुलगी.*
ही मुलगी माझी पणजी.
पत्नीला नाव नाही.
शेळीला निदान कानाची खूण होती.

मग फेब्रुवारी ७४.
वर खोकल्याचं औषध, खाली चाकाचं वंगण,
मध्ये हा:
*सर्व दुकानदारांस कळावे, की माझी पत्नी झिला
विनाकारण घर सोडून गेली असून
तिने माझ्या नावावर केलेल्या उधारीस
आजपासून मी जबाबदार नाही.*

मी दोनदा वाचते.
ताप कुठेच नाही.

डेल्फीन तिच्या जागेवरून न उठता म्हणते,
थांबू नकोस. पुढचे दोन आठवडे बघ.
कधी कधी बायका उत्तर द्यायच्या.

*जोसाया पेनबर्थी यांच्या सूचनेबाबत:
त्यांच्या नावावर उधार देईल असा दुकानदार
या गावात मला शोधूनही सापडला नाही.
घर मी सोडले नाही. दाराला आतून कडी होती.
मुलांचे लोकरीचे कपडे पेटीत तळाशी आहेत.
झिला.*

पहिल्या पानावर दर छापलाय:
चार ओळींना एक शिलिंग,
पुढे प्रत्येक ओळीस तीन पेनी.
मी बोटांवर मोजते.
चौथ्या ओळीवर तिची अब्रू राखून झाली होती.
कपड्यांसाठी तिनं वेगळे पैसे मोजले.
बाहेर एकशे दहा अंशांचा फेब्रुवारी,
पत्र्याला हात लावला तर कातडी सोलावी,
आणि ही बाई जुलैच्या थंडीचं बघतेय.
म्हणजे तिला माहीत होतं,
जुलैपर्यंत कडी निघणार नाही.

त्यानंतर सात वर्षं काहीच नाही.
शेळ्या हरवतात, सापडतात,
कुणी पंपाखाली चिरडतं, कुणाचा बँडबाजा येतो.
जोसाया एकदा भोपळ्याचं बक्षीस मिळवतो.
माझे डोळे चुरचुरतात.
मग ८१, बंदराच्या गावचा स्तंभ, अगदी कोपऱ्यात:
*मिसेस झेड. पेनबर्थी. गवती हॅट
नव्या करून मिळतील, जुन्या धुऊन मिळतील.
उधार बंद.*

आणि मला पणजी आठवते, म्हणजे तिचे फोटो.
दर ईस्टरला नवी गवती हॅट,
बंदराहूनच आणलेली,
घोडागाडीनं एक दिवस जायला, एक यायला.
गावात तीन दुकानं असताना.
आजोबा हसायचे, म्हातारीची हौस.
तापाची गोष्टही तीच सांगायची,
दरवेळी त्याच शब्दांत,
हॅटची रिबन बोटांत फिरवत.

पाच वाजता डेल्फीन दिवे घालवू लागते.
मी चार पानं छापून घेते. ऐंशी सेंट.
पर्स घरी राहिलीय.
दे गं उद्या, ती म्हणते, कुठे पळून जाणारेस?

नको, मी म्हणते,
आणि गाडीच्या सीटखाली
सुटी नाणी चाचपायला बाहेर जाते.