हातचे दोन

व्हीलॉक काउंटी, नेब्रास्का. वस्ती चार हजार एकशे बारा.
अग्निशमन केंद्रातला बंब बाहेर काढून
आत चाळीस खुर्च्या मांडल्या.
आले नऊजण,
आणि एक कुत्रा.

दर पाच वर्षांनी हा तक्ता भरायचा असतो.
टोर्नेडो, गारपीट, पूर, हिमवादळ, गवताचा वणवा.
शक्यता एक ते पाच, हानी एक ते पाच,
गुणाकार करून रकाना रंगवायचा
हिरवा, पिवळा, नाहीतर लाल,
आणि लिंकनला पाठवून द्यायचा.
मग पैसे येतात. आले तर.

ब्लांका श्टेपानेक म्हणाली, गारांना पाच लिही.
तिचा उभा मका एकदा नऊ मिनिटांत झोपला होता.
आणि पुराला?
एक, ती म्हणाली, कॉफीच्या कपात बघत.
तिचं घर मड क्रीकच्या ऐन वळणावर आहे.
पुराला चार म्हटलं की विम्याचा हप्ता चढतो
आणि घराची किंमत उतरते.
सगळेच असे हातचं राखून बोलत होते.
मी कुणाला खोडलं नाही.
माझा रस्ता जुन्या बंधाऱ्याच्या खाली येतो,
त्याच्यापुढे मीही दोनच लिहिले होते,
पेन्सिलनं.

एमिल वोंद्रा, वय त्र्याऐंशी, नकाशावर वाकला.
भोंगा जिथवर ऐकू जातो तिथवर
मी कंपासनं निळं वर्तुळ काढलं होतं.
त्याचं शेत दक्षिण टोकाला, वर्तुळाच्या आत, बोटभर.
"उत्तरेचा वारा असला तर येतो ऐकू," तो म्हणाला.
"टोर्नेडोच्या दिवशी वारा दक्षिणेचा असतो."
मग तुम्हाला कळतं कसं?
"कुत्रा पलंगाखाली जातो."
सगळ्यांनी खाली पाहिलं.
"हा नाही. याच्या आधीचा.
हा बहिरा आहे."

कुणीतरी हसलं, मग थांबलं.
वाऱ्याच्या दिशेला तक्त्यात रकाना नाही.
मी समासात लिहिलं, वारा कुठला?
आणि पुढच्या ओळीवर गेले.

रात्री सगळे गेल्यावर बेरजेला बसले.
मशीन होतं, पण सवयीनं हातानंच करते.
एककाची रांग, सत्तावीस.
सात लिहिले, हातचे दोन.
पुन्हा केली. पुन्हा सात,
पुन्हा हातचे दोन.
ते दोन घेऊन बराच वेळ बसून राहिले.
बाहेर बंब अंगावर दव घेत उभा.

पहिल्या बुधवारी, सकाळी दहाला, भोंग्याची चाचणी असते.
या वेळी मी ऑफिसात नव्हते,
एमिलच्या अंगणात होते, घड्याळ धरून.
दक्षिणेचा वारा. तारेवर त्याचे दोन शर्ट
गावाच्या दिशेनं आडवे झालेले.
दहा.
दहा वाजून एक मिनिट.
दहा वाजून तीन.

"वाजला का?" एमिलनं विचारलं.

कुत्रा माझ्या बुटावर हनुवटी टेकून
गाढ झोपला होता.